अक्षरओळख आणि हस्ताक्षर : तुमच्याकडे कसं जमलं?

लेक सव्वाचार वर्षांची. चित्रं भिंतभर काढते, पण पाटी पुढे केली की हात मागे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी अक्षरं घरीच शिकवायची आहेत. गिरवायची पुस्तकं कधी आणायची, मुळात आणायची का, इथूनच आमचा घोळ. मुलांना, नातवंडांना किंवा वर्गात शिकवलेल्यांनी कृपया लिहा. प्रत्येक मूल वेगळं असतं हे मान्य, म्हणून सल्ल्यापेक्षा प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

बालवाडीताई

म्हणताना वर्णमालेचा क्रम ठेवा, लिहिताना आकाराचा. अ आणि इ लिहायला चांगलेच अवघड आहेत, आणि आपण सुरुवात नेमकी तिथूनच करतो! मी ग म भ न घेते. उभी रेघ सगळ्यांत आहे, फक्त डावीकडची वळणं बदलतात. मग र स, व ब क, प ष फ, त्यानंतर ट ठ ढ द. एका गटात हात साधारण एकाच तऱ्हेने फिरतो. शिवाय ग, म, न एवढंच आलं तरी मन, मग, गगन, नमन हे शब्द तयार. बाकी वर्णमाला यायची असतानाच पोर शब्द वाचायला लागतं आणि मग त्याची ऐट बघावी.

त्याआधी बरेच दिवस नुसत्या रेघा आणि गोल. जमिनीवर खडूने, मोठ्ठे, अख्खा हात फिरेल असे. खरखरीत कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवते. त्यांवरून बोट फिरवायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. ही युक्ती मारिया माँटेसरींची. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हापासून चालत आलेली. त्यांच्या पद्धतीत लिहिणं वाचनाच्या आधी येतं, आणि माझ्या वर्गातही बहुतेक तसंच होतं.

एक आजोबा

ताईंचं पटलं, पण गिरवण्याला एवढं मोडीत काढू नये. नातवाला पाटी-पेन्सिलच दिली. पाटीवर पेन्सिल अडते, त्यामुळे हात आवरता येतो. गुळगुळीत कागदावर आणि त्याहून मोबाइलच्या काचेवर बोट नुसतं घसरतं. चुकलं तर पुसलं, विषय संपला. मात्र पुस्तीबद्दल एक निरीक्षण आहे. कित्ता पानाच्या डोक्यावर एकदाच असतो. मूल दुसरी ओळ त्यावरून काढतं, तिसरी दुसऱ्यावरून, आणि तळाशी पोचेपर्यंत भ चा झ व्हायच्या बेताला येतो. मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला स्वतः एक अक्षर काढून देतो. ओळी मोजक्याच, पण शेवटची पहिलीइतकी चांगली.

बालवाडीताई

आजोबा, गिरवण्याला माझा विरोध नाही हो, फक्त पहिल्या दिवसापासून नको. ओळीगणिक कित्त्याचं उद्यापासून वर्गात करते.

डावखुऱ्या मुलाचा बाबा

आजोबांच्या कित्त्यात आमची एक भर : डावखुऱ्याला तो ओळीच्या उजव्या टोकाला द्या. डावीकडचा त्याच्याच हाताखाली झाकला जातो. वही अंगाच्या जरा डावीकडे, वरची कडा उजवीकडे कललेली. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट आकड्यासारखं वळत नाही. शेजारी उजव्या हाताने लिहिणारा असेल तर कोपरांची मारामारी होते, म्हणून याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं. शिरोरेषा तो उजवीकडून डावीकडे ओढतो. मी ओढू देतो. हात बदलायचे सल्ले नातेवाइकांकडून भरपूर आले, ऐकून घेतले.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट

पेन्सिल धरायला शिकवण्यापेक्षा पेन्सिल लहान करा. रंगखडूचा बोटभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच येतो. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, कपड्यांचे चिमटे लावणं हा सगळा लिखाणाचाच सराव. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतात. त्यानंतरही टिकली आणि सोबत आवाज-अक्षराची जोडी बसत नसेल, हात लगेच दुखत असेल, तर तज्ज्ञांना दाखवा.

दोन लिप्यांत अडकलेली आई

आमच्याकडे अक्षरांपेक्षा आकड्यांनी छळलं. इंग्रजी शाळेतला 9 म्हणजे घरचा १, तिथला 6 म्हणजे आपला ७, आणि 8 काढायला गेली की अर्ध्यावर ४ दिसायचा. त्यात ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. शेवटी इंग्रजी आकडे पक्के होईपर्यंत मराठी आकडे फक्त तोंडी ठेवले. अक्षरांत घ-ध आणि थ-य या जोड्या एकदम शिकवल्या नाहीत; एक मुरलं की मग दुसरं. 'ण बाणाचा, ळ बाळाचा' वर तिचा आक्षेप होता, 'मग ब कुठला?' बरोबरच आहे, मराठीत या दोघांनी शब्द सुरूच होत नाहीत. आम्ही ती अक्षरं शब्दाच्या शेवटी शोधायचा खेळ केला.

पहिलीचे गुरुजी

खरी गंमत बाराखडीत. पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि कागदावर आधी. मूल आवाजाच्या क्रमाने आधी क काढतं आणि मग वेलांटीला डावीकडे जागाच उरत नाही. मी आधी वेलांटीचा दांडा काढायला सांगतो, त्याच्याशेजारी अक्षर, शेवटी वरची कमान. ख चे दोन भाग खाली जोडून घ्या, नाहीतर 'खत' चं 'रवत' वाचलं जातं. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच. दर अक्षराला वेगळी दिली की शब्द तुटतो.

ल आणि श दोन तऱ्हांनी छापलेले दिसतात. शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला आहे. घरी तोच शिकवा, हिंदी पुस्तकातला दिसला तर ओळखता आला म्हणजे झालं. त्याच वर्णमालेत ॲ आणि ऑ देखील आहेत. 'बॅट', 'बॉल' लिहायचं असतंच मुलांना, उगाच मागे ठेवू नका.

लिहायला नकार देणाऱ्याची आई

आमच्याकडे वही काढली की पोटात दुखायचं. वही बंद केली. त्याला दारावर पाटी हवी होती, 'आत येऊ नये'. स्वतः लिहिली, न उलटा, ये ची मात्रा गायब. आम्ही दार वाजवूनच आत जायचो. मग ताईला धमकीची चिठ्ठी, मग खेळाच्या नियमांची यादी, नियम अर्थात त्याच्या सोयीचे. त्याने विचारलं तरच अक्षर दाखवायचं, एवढं पथ्य पाळलं. अजून अक्षर वाकडंच आहे आणि जोडाक्षरं समोर आली की तो ती सरळ गाळतो. त्यावर कुणाकडे काही उपाय असेल तर लिहा.