लिंगनबेरीच्या कच्च्या मुरंब्याला बुरशी का आली?

उप्सालाकर: इथे स्वीडनमध्ये लिंगनबेरी (रानातली छोटी, लाल, आंबट फळं) न शिजवता, नुसती साखर घालून ढवळून ठेवतात आणि ती हिवाळाभर टिकते. मी अर्धा किलो लिंगन, अर्धा किलो रानातली ब्लूबेरी आणि २५० ग्रॅम साखर घेतली. फ्रिजमध्ये असूनही दहाव्या दिवशी वर पांढरी बुरशी, झाकण उघडताना फस्स आवाज. साखर कमी पडली का?

बरणीवाला: साखर थोडी कमीच, पण खरी नडली ती ब्लूबेरी. लिंगनमध्ये बेंझोइक आम्ल मुळातच असतं. बाटलीबंद सरबतात सोडियम बेंझोएट घालतात ना, त्याचंच भावंड. ते बुरशीला आणि यीस्टला रोखतं, पण रस चांगला आंबट असेल तरच. ब्लूबेरीत ते नसल्यातच जमा आणि आंबटपणाही कमी, त्यामुळे दोन्हीकडून मार. फस्स म्हणजे आंबायला लागलं; टाकून द्या, वरची साय काढून खाऊ नका.

पुढच्या वेळी फक्त लिंगन, १ किलोला ४०० ग्रॅम साखर. पालापाचोळा काढायला ओलसर फळी तिरकी धरून फळं वरून सोडा: फळं घरंगळतात, पानं चिकटून राहतात. धुतल्यावर कापडावर खडखडीत वाळवा. लाकडी डावाने निम्मी फळं फुटेपर्यंत ढवळा, मग फ्रिजमध्ये ठेवून साखर विरघळेपर्यंत दोन-तीन दिवस रोज हलवा. मिश्र फळांचा हवा असेल तर शिजवाच.

आंबटशौकीन: साखर नकोच असेल तर जुनी पद्धत: उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत अख्खी, पिकलेली फळं भरायची, वर उकळून गार केलेलं पाणी. फळं बुडालेली हवीत, तरंगली तर वर छोटी बशी दाबा. थंड जागी महिनोन्‌महिने राहतात. फुटकं फळ घालू नका. आणि वाइनच्या नादी लागत असाल तर हेच आम्ल आडवं येतं, यीस्ट उठता उठत नाही.

पानवाचक: तोडताना पान उलटं करून बघा. लिंगनच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात, कडा किंचित आत वळलेली. ठिपके नसून शिरांची जाळी दिसली तर ते म्योलोन, लिंगनसारखंच दिसणारं दुसरं लाल फळ. विषारी नाही, पण आत कोरडं, पिठूळ. नावातच ‘म्योल’ म्हणजे पीठ. लांब देठावर लोंबणारी लाल फळं आणि बुडाशी रुंद पानं दिसली तर हात लावू नका, ती लिली ऑफ द व्हॅली, विषारी.