शाईपेनासाठी वही हवी आहे, चिपळूणच्या पावसात शाई न फुटणारी

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आठशे रुपये पाण्यात घालून बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे बाबांचं काळं एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन आहे. ड्रॉपरने शाई भरायची, आटे फिरवून बंद करायचं, मग बोटं पुसायची. निब त्यांच्या हाताला झिजलेली, त्यामुळे माझ्या हातात जरा ओलीच चालते. या पेनाने मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या पुन्हा उतरवून काढतेय. पुन्हा अशासाठी की पहिली वही २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडाली. वही सापडली, चिखल झाडून पंख्याखाली सुकवलीसुद्धा, पण निळी शाई सगळी धुऊन गेली होती. पानं नीळ दिलेल्या धोतरासारखी दिसत होती. मावशीने मध्येच बॉलपेनने लिहिलेली चार पानं तेवढी वाचता आली. मावशी आता एक्याऐंशीची आहे, ओव्या अजून पाठ आहेत, म्हणून घाई.

तर मी एक वही घेतली. चामड्याचं कव्हर, बांधायला वादी, पानं सायीच्या रंगाची, वर पट्टीवर ठळक छापलेलं '१२० जीएसएम'. मोठ्या उत्साहाने पहिली ओवी लिहिली आणि डोळ्यांदेखत अक्षरांना मिशा फुटल्या. 'कृष्ण'मधल्या 'ष्ण'चं गाठोडं झालं, 'घ' आणि 'ध' यांत फरक राहिला नाही, अनुस्वार मिऱ्याएवढा. मागच्या बाजूला शिरोरेघेवर जिथे जिथे उभी रेघ भेटते तिथे तिथे ठिपका आरपार. एवढा जाड कागद असून!

गंमत म्हणजे तेच पेन, तीच शाई आमच्या शाळेच्या जुन्या कॅटलॉगच्या (म्हणजे हजेरीपटाच्या) कोऱ्या पानांवर सुईसारखी चालते. (निवृत्त होताना दोन रद्दीतले कॅटलॉग घरी आणले होते, कुणाला सांगू नका.) तो कागद तर पातळ आहे. मग बघायचं तरी काय? आणि दोन्ही बाजूंनी लिहिता यायला हवं, ओव्या साडेचारशेच्या वर आहेत.

भटका_जोशी

ताई, जीएसएम वाढवा. १५० च्या पुढचा घ्या, किंवा सरळ हातकागदाची वही. दिसतेही छान.

खळ_आणि_पुठ्ठा

जोशीबुवा, रागावू नका, पण ताईंना आणखी आठशेला बुडवाल.

मी पुण्यात नारायण पेठेत बाइंडिंगचं काम चौतीस वर्षं केलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, बस. गादी किती किलोची आहे हे कळलं म्हणून ती पाणी पिते की नाही हे कळत नाही. कागद म्हणजे तंतूंचं जाळं. त्याला नुसतं सोडलं तर तो शाई ओढणारच, टीपकागद तेच करतो. शाई वर राहावी म्हणून कागदाला खळ लागते. कारखान्यातले लोक साइझिंग म्हणतात, पण मला खळ हाच शब्द बरा वाटतो, कारण गोष्ट तीच आहे.

दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, तिथे आणि जुन्नरला हाताने कागद करायचे. तो कागद पिठाच्या खळीत भिजवून वाळवायचे आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. का? तर बोरूने लिहायचं होतं. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि तिला अक्षरं टांगत जायचा. शाई फुटणारा कागद असता तर त्याचं दप्तर कुणी वाचलं असतं? पुढे गिरण्यांनी खळीच्या जागी राळ आणि तुरटी घातली. तुरटीमुळे कागद आंबट होतो आणि वर्षांनी पिवळा पडून मोडतो, तुमच्या आजोबांची पुस्तकं बघा. आता दुसरी रसायनं आली, पण काम तेच.

ताईंच्या कॅटलॉगचं गुपितही त्यातच आहे. हजेरीपट, खतावणी, रजिस्टर यांना जो कागद लागायचा तो 'लेजर पेपर'. कारकून टाक-दौतीने आणि शाईपेनाने दोन्ही बाजूंनी लिहिणार, हे धरूनच तो बनवलेला. त्या चामड्याच्या वहीचा कागद जेलपेन आणि पेन्सिल डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला असणार. जाडी भरपूर, खळ नावाला.

हातकागदाबद्दल. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, मी तिथला कागद पुष्कळदा कव्हरांना आणि अस्तरांना वापरलाय. सुंदर. पण लिहायला घेताना तो खळ दिलेला आहे का हे विचारूनच घ्यावा. नुसत्या चिंध्यांच्या मऊ कागदाचे तंतू निबेच्या फटीत अडकतात, मग पेन केस ओढल्यासारखं लिहितं.

दुकानात परीक्षा अशी करा. पानाच्या कोपऱ्याला ओलं बोट लावा आणि दहा आकडे मोजा. डाग लगेच काळपट, पारदर्शक होऊन मागे उमटला तर वही खाली ठेवा. पाणी वर चमकत राहिलं तर पुढे जा. (दुकानदार बघत नसेल तेव्हा. मी जिभेचं टोक लावायचो.) मग स्वतःचं पेन काढा. दुकानातल्या पेनाचा उपयोग नाही. 'ज्ञ', 'क्ष', 'ष्ट्य' असली दाटीची अक्षरं लिहा, आणि एका जागी निब टेकवून तीन सेकंद धरा. पान उलटा. दोन्ही बाजूंना लिहून बघा, कारण कागदाला तारेची बाजू (बनताना जाळीला टेकलेली) आणि वरची बाजू अशा दोन असतात आणि कधीकधी एकीवर फुटते, दुसरीवर नाही.

आणि एक. तुम्ही चिपळूणला. जुलैत कागद हवेतली ओल पितो. मे महिन्यात ज्या वहीवर नीट लिहिलं, तिच्यावरच श्रावणात शाई पसरते. वही पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि लिहिताना हाताखाली दुसरं पान घ्या. घामाचं तेल लागलं की त्या पट्ट्यात उलटं होतं, शाई धरतच नाही, अक्षर मध्येच तुटतं.

वाशिष्ठीकाठ

काका, रात्री अकरा वाजता घरातल्या सगळ्या वह्यांना बोट लावत बसलेय. मुलगा म्हणतो आईला काय झालं.

चामड्याची वही: तीन आकड्यांत आरपार. नातवाची दोनशेपानी एकरेघी: सात. कॅटलॉग: वीस मोजले, थेंब तसाच! झेरॉक्सचा कागद दोन प्रकारचा होता, एकावर ठीक, एकावर मिशा. आता लेजर पेपर शोधायचा कुठे? इथल्या दुकानात रजिस्टरं आहेत, पण त्यांच्यावरही फुटते.

ओसाकाचा_पाहुणा

मी नोकरीनिमित्त जपानमध्ये. काकांच्या म्हणण्याला इथला पुरावा देतो. 'तोमोए रिव्हर' नावाचा कागद शाईपेनवाल्यांत प्रसिद्ध आहे. वजन अवघं ५२ ग्रॅम! कांद्याच्या सालीसारखा, पलीकडची अक्षरं दिसतात, पण शाई तसूभर फुटत नाही. तोमोएगावा कंपनीने तो करणं थांबवलं, आता सानझेन नावाची कंपनी करते. जुना बरा की नवा, यावर इथे लोक आपल्याकडच्या हापूस-पायरीसारखे भांडतात.

तरी ताईंना मी तो सुचवणार नाही. त्यावर शाई सुकायला फार वेळ लागतो. माझ्याच हाताने निम्मी पानं माखलीत. कोकणात पावसात तर विचारू नका. त्यापेक्षा कोकुयोच्या 'कँपस' वह्या बऱ्या, साध्या, शाळकरी पोरांच्या. आपल्या कॅम्लिनमध्ये २०११ पासून मोठा वाटा याच कोकुयोचा. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड विकून सुरू केलेली कंपनी शेवटी वहीवाल्यांकडे गेली, मला हे उगाच बरं वाटतं.

पण ताई, तुमचा खरा प्रश्न वहीपेक्षा शाईचा नाही का? कागद कितीही चांगला घेतलात तरी धुतली जाणारी निळी शाई पुढच्या पुरात पुन्हा जाणारच. पूर्वीच्या बऱ्याच ब्लू-ब्लॅक शायांत लोह आणि मायफळातलं टॅनिन असे. लिहिताना फिकी निळी, मग हवा लागून काळी पडते आणि तंतूंना धरून बसते. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक अजून तशी आहे. शिवाय असली शाई सहसा कमी फुटते, म्हणजे मध्यम कागदही चालून जातो. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, एक बाटली आणतो.

खळ_आणि_पुठ्ठा

पाहुण्यांनी बरोब्बर नस पकडली. फक्त लोहाची शाई पेनात महिनोन्‌महिने ठेवू नका. स्टीलच्या निबेला ती खाते. दर तीन-चार आठवड्यांनी साध्या कोमट पाण्याने पेन धुवा. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उडतो.

वही शोधू नका, बांधून घ्या. चांगल्या बाँड पेपरचं रीम घ्या, ८५ ते १०० ग्रॅममधलं, आधी चार सुटे कागद मागून बोट लावून, लिहून बघा. अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला मिळतं. पाचशे कागद म्हणजे ताईंच्या सगळ्या ओव्या मावून वर पाळणे आणि भोंडल्याची गाणी बसतील.

आता बाइंडरकडे एक चूक हमखास होते, ती सांगतो. कागदाला दिशा असते. तंतू ज्या दिशेला आडवे पडलेत त्या दिशेला तो सहज वळतो, पट्टी फाडली तर सरळ फाटते. दुसऱ्या दिशेला नागमोडी फाटते. वहीत ही दिशा पाठीला समांतर हवी. ए-फोर कागदात ती बहुधा लांब बाजूने असते. म्हणजे ए-फोर मधोमध दुमडून छोटी वही शिवली की दिशा आडवी झाली. मग पानं चापट बसत नाहीत, हात काढला की उठतात, आणि पावसात पाठीशी सुरकुत्या पडतात. एक तर ए-फोरची मोठी वहीच करा, लांब बाजूला शिवण घालून, नाहीतर डेमी आकाराचे मोठे ताव घेऊन दिशा बघून कापा.

पिना नकोत, गंजतात. नुसता डिंक पाठीला लावून चिकटवलेलीही नको. दोऱ्याची शिलाई घ्या. खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगा, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. तरुण बाइंडर हसेल. हसू दे, घालायला लावा.

भटका_जोशी

माझा १५० जीएसएमचा सल्ला मागे घेतो. आत्ताच माझ्या लग्नपत्रिकेला ओलं बोट लावलं. आरपार.

वाशिष्ठीकाठ

दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल माफी.

भाचीने पुण्याहून रीम आणलं. सुटे कागद आधी पाठवले होते, तीन प्रकारचे. त्यातला सगळ्यात स्वस्त पास झाला, दिसायला अगदी साधा, पांढराफटक. पट्टी फाडून दिशा बघितली, काका म्हणाले तशीच लांब बाजूने सरळ फाटली. मग मोठीच वही करायची ठरली. इथे बाजारपेठेत एक बाइंडर आहेत, एरवी कोर्टाची कागदपत्रं शिवतात. मोरचूद म्हटल्यावर हसले नाहीत, उलट म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि आतून डबीच काढून दाखवली. शंभर-शंभर पानांच्या पाच वह्या, सुती कापडाची पाठ. पाचांचा खर्च मिळून त्या चामड्याच्या वहीपेक्षा थोडा जास्त झाला.

पाहुण्यांची बाटली पोचली. मी आधी परीक्षा घेतली. एका चिठ्ठीवर एकच ओवी दोनदा लिहिली, वर जुन्या निळ्या शाईने, खाली या ब्लू-ब्लॅकने. चार दिवस ठेवली आणि मग रात्रभर तांब्यातल्या पाण्यात बुडवली. सकाळी वरची ओवी गेलेली, पाणी आकाशी. खालची राखाडी झाली होती, पण वेलांटीसुद्धा शाबूत. ती चिठ्ठी सुकवून पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलीय.

आत्तापर्यंत ११२ ओव्या झाल्या. 'ष्ण'च्या पोटातली पोकळी दिसते. फक्त गुळगुळीत कागदामुळे शाई सुकायला मिनिटभर जातं, आणि मावशी काही त्यासाठी थांबत नाही. जातं ओढल्यासारखी एका लयीत म्हणत सुटते. मध्येच थांबवलं तर पुढची ओळ विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्यामुळे ती म्हणते तेव्हा पेन्सिलीने उतरवून घेते आणि दुपारी ती झोपली की शाईने. टीपकागद असता तर एक फेरी वाचली असती. चिपळुणात चार दुकानं फिरले, एका मुलाने मला टिश्यू पेपर दिला. कुणाला पुण्यात किंवा मुंबईत गुलाबी, जाड, शाळेत असायचा तसा टीपकागद दिसला तर दुकान सांगाल का?