मदत हवी आहे: पावसात मागच्या ट्रकला बाईक दिसावी म्हणून काय करू?

रोज सातारा ते शिरवळ, १५० सीसी, २०१४ची गाडी. २०१७ नंतरच्या गाड्यांसारखा हेडलाइट आपोआप चालू राहत नाही, म्हणून दिवसाही मीच लावतो. समोरच्यांचा प्रश्न मिटला. त्रास मागून आहे. संध्याकाळी परतताना खंबाटकी घाट चढतो. धुकं, पाऊस, त्यात ट्रक अगदी खेटून येतात.

रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घेतलं, पण पाठीवरच्या सॅकने ते झाकलं जातं (हे आठवड्याने लक्षात आलं!). मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावली, ती चिखलाने माखते. रेनकोट काळा.

वायरिंग कापायचं नाही, लुकलुकणारे दिवे नकोत, बजेट १५०० रुपये. सॅकवर रिफ्लेक्टिव्ह कव्हर की हेल्मेटमागे पट्ट्या, भर पावसात लांबून आधी काय दिसतं?