डबा घेऊन रंकाळ्यावर बसणारा गडी

तालमीचा_पोरगा:
मागच्या वर्षीची, आपल्या कोल्हापुरातली गोष्ट. आमच्या पेठेतला मित्र, शिरोलीत फाउंड्रीत कामाला. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर, साडेपाचला घरी. चार महिन्यांनी कळलं की नोकरी कधीच गेलीय, गडी दिवसभर रंकाळ्यावर बसायचा, डबा खायचा नि परत यायचा, आणि पगार म्हणून घरी द्यायचा ते ॲपवरनं काढलेलं कर्ज. रोज संध्याकाळी आम्ही त्याच्याबरोबर चहा पीत होतो राव, एकाला पत्ता नाही! वाचला तो, नशीब.
2022 च्या सरकारी आकड्यात देशात 1,70,924 आत्महत्या, त्यात पुरुष 1,22,724. आपला महाराष्ट्र पहिल्या नंबरावर. गड्यांना मनातलं बोलायला जागाच नाही. मला वाटतं आठवड्यातनं एक संध्याकाळ तालमीत नुसतं बोलायला ठेवावी. कर्ज असो, दारू असो, बायकोशी पटत नसो, काय असेल ते. पुरुषांचं पण कुणीतरी बघायला पाहिजे का नको?

शिरोळची_लेक:
बघा की, नको कोण म्हणतंय. पण बोलायला जागा नाही हे काय पटलं नाही दादा. पानपट्टी तुमची, चावडी तुमची, तालीम तुमची, रंकाळ्याचा कट्टा रात्री 11 पर्यंत तुमचाच. आम्ही कुठं बसायचं? त्याच आकड्यात 48 हजार बायका आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त गृहिणी, त्यांना तर डबा घेऊन बाहेर पडायची पण सोय नाही. आणि गडी गेला की मागं राहते तिचं काय होतं? आमच्या तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेला मे 2022 मध्ये ठराव करावा लागला की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. 2022! शाहू महाराजांनी बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला 1919 ला.
आता पुढच्या दोन कमेंटात 498अ, बायकोच्या छळाचं कलम, येतंय बघा.

जाळ_नि_धूर:
आलोच ताई 😀 येणारच की. माझ्या चुलतभावावर केस, त्यात 70 वर्षांच्या चुलतीचं पण नाव, जिला गुडघ्यानं उठता येत नाही. तीन वर्षं तारखा, शेवटी तडजोड, अर्धा एकर गेला. त्याच्यासाठी कुठल्या ग्रामसभेनं ठराव केला ते सांगा.

काळा_कोट:
वकील आहे म्हणून सांगतो. 498अ चं आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय. आणि तक्रार आली की उचलून आत टाका हे सुप्रीम कोर्टानं 2014 च्या अर्नेश कुमार निकालातच थांबवायला सांगितलंय, अटक का गरजेची ते पोलिसांनी लिहून द्यावं लागतं. खोट्या केसेस नसतात असं म्हणणार नाही, माझ्याकडंच आल्यात, आणि खऱ्या त्याहून जास्त आल्यात. पण वरच्याच अहवालात कारणं बघा. लग्नाशी संबंधित 4.8 टक्के, आजारपण 18.4, इतर कौटुंबिक 31.7. आपण भांडतोय 4.8 वर.

जाळ_नि_धूर:
वकीलसाहेब, त्या 31.7 च्या खोक्यात काय काय टाकलंय ते कोण बघतंय? हवालदार लिहील ते कारण.

काळा_कोट:
हे मात्र बरोबर बोललात.

पेन्शनर_आण्णा:
आमच्या वेळी असलं काय नव्हतं. गडी माणसानं घरचं बाहेर काढू नये. तांबड्या मातीत दोनशे जोर मारा, डोकं आपोआप शांत होतंय.

तालमीचा_पोरगा:
आण्णा, पाया पडतो, पण तो मित्र रोज तीनशे बैठका मारायचा. त्या चार महिन्यांत पण.

पेन्शनर_आण्णा:
हं.

तालमीचा_पोरगा:
@शिरोळची_लेक कट्टे आमचे हे मान्य. पण तिथं बोलतो काय आम्ही? उसाचा दर, कुस्ती, महापालिका, नि शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळंना. तो पण चेष्टेचाच विषय, ज्याला मिळंना तोच सगळ्यात मोठ्यानं हसतोय.

शिरोळची_लेक:
मग बोला की, आम्ही काय तोंड बांधलंय का? माझा नवरा बीपीची गोळी चालू झालेली सहा महिने लपवून बसलेला, मला मेडिकलवाल्यानं सांगितलं. लपवताय तुम्ही आणि समाजानं बघावं म्हणताय. घ्या बैठक, पण पहिल्याच दिवशी बायकांच्या नावानं शिमगा सुरू झाला तर मी येऊन बसणार तिथं, आधीच सांगते.

जाळ_नि_धूर:
भावाला आणू का मग? केसचं बोलणारच तो, अडवायचं नाही.

तालमीचा_पोरगा:
आण भावा. आणि तोवर कुणाला रात्रीअपरात्री लईच जड झालं तर 14416, टेलि मानस, सरकारी आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात. मित्राला मीच लावून दिलेला, पहिली पाच मिनिटं नुसता गप्प होता, पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

साचा_नि_रस:
पहिल्यांदाच लिहितोय. बैठक बुधवार शुक्रवार संध्याकाळी नको, सेकंड शिफ्ट रात्री 12 ला सुटते आमची. सकाळी ठेवता येईल का?