तीळ, मोहरी, खसखस, जवस: बियांच्या अ‍ॅलर्जीसोबत राहणाऱ्यांचे अनुभव

संक्रांत तोंडावर आली की आमच्या घरी तिळगूळ नाकारायची तयारी सुरू होते. लेकीला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. दाण्याची म्हटलं की लोकांनी निदान ऐकलेलं तरी असतं. तीळ म्हटलं की "अगं, एवढ्याशा तिळानं काय होतंय?" एवढ्याशा तिळानंच तिचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि एकदा श्वासही लागला होता. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी लिहा. बी कुठे कुठे सापडलं, स्वयंपाकात काय बदललंत, सासरमाहेरच्यांना कसं पटवलंत? अ‍ॅलर्जी 'मुळापासून' घालवणाऱ्या काढ्यांसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

मृण्मयी_ठाणे

ताई, "तीळ आहेत का?" असं विचारून उपयोग नसतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे लाडू येतो आणि तो मनापासून "नाही" म्हणतो. मी विचारते, "मसाला कुठला घातलाय?" गोड्या मसाल्यात तीळ भाजून घातलेले असतात, म्हणजे आमटी, भरली वांगी, मसालेभात सगळंच गेलं. अळूवडी, कोथिंबीर वडी, भोगीची भाकरी परवडली, तिथे तीळ दिसतात तरी. चकली, चिवडा, बाकरवडी, मुखवास यांच्यावर माझा कायमचा संशय.

आता मसाला घरीच करते: धणे, सुकं खोबरं, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, लवंग, दालचिनी. तिळाऐवजी खोबरं जरा सढळ हाताने. चव तीच लागते असं म्हणणार नाही, पण चालून जाते. डंकावर कुटायला मात्र देत नाही. आपल्या आधी कोणाचे तीळ कुटले गेलेत कोण सांगणार? सासूबाई पहिल्या वर्षी रुसल्या होत्या. आता त्याच पाहुण्यांना माझ्याआधी तंबी देतात.

वऱ्हाडी_पाटील

माझं तिळाशी काही वाकडं नाही, वैर मोहरीशी. आता बोला! आमच्याकडे मोहरी तडतडल्याशिवाय गॅस बंद होत नाही. घरी जिऱ्या-हिंगाची फोडणी चालते, पण लग्नाच्या पंगतीत मी गोडं वरण, भात, तूप, पोळी आणि श्रीखंड यावरच असतो. लोक समजतात डाएट करतोय. लोणच्यात मोहरीची डाळ, फेसलेली मोहरी काकडीत आणि हल्ली सँडविचच्या मेयोनेजमध्येही.

पाकिटाच्या बाबतीत सांगतो. युरोपात आणि कॅनडात तीळ आणि मोहरी दोन्ही लेबलवर जाहीर करावेच लागतात. आपल्याकडच्या २०२० च्या लेबल नियमांत अ‍ॅलर्जीची जी यादी आहे तिच्यात दूध, अंडी, मासे, दाणे, सोयाबीन वगैरे आहेत. हे दोघे नाहीत. वर घटकांत नुसतं 'मसाले' एवढं छापलेलंही चालतं. ज्या देशात घरोघरी मोहरीची फोडणी पडते तिथे हे अजब आहे.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत कायदा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. २०२१ साली सही झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ मुख्य अ‍ॅलर्जनांच्या यादीत नववा. पण यंत्रं तिळापासून पूर्ण मोकळी ठेवायची म्हणजे खर्च आणि कटकट. काही कंपन्यांनी सरळ पावाच्या पिठातच थोडे तीळ मिसळले आणि लेबलवर तसं छापून मोकळ्या झाल्या. कायद्याला धरूनच! मुलगा वर्षानुवर्षं खात होता तो बर्गरचा बन एका आठवड्यात बंद करावा लागला. डब्यात आता पोळीचा रोल. हुमुसमध्ये (छोल्यांच्या चटणीत) ताहिनी, म्हणजे वाटलेले तीळ असतात, हे इथे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं, तेवढं एक बरं.

टेम्सकाठी

ब्रिटनमधला नियम एका मुलीच्या मृत्यूनंतर बदलला. नताशा एडनान-लापरूज, वय १५, २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेलं बगेट (लांब पावाचं सँडविच) खाऊन विमानात कोसळली आणि त्याच दिवशी फ्रान्समधल्या रुग्णालयात वारली. तीळ पिठातच भाजलेले होते, वरून दिसत नव्हते. दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थाला तेव्हा पूर्ण लेबल लागत नसे; ऑक्टोबर २०२१ पासून लागतं.

नानासाहेब_सातारा

आमच्या लहानपणी अ‍ॅलर्जी हा शब्द नव्हता, 'बाधतं' म्हणायचे. थोरल्या बहिणीला बेकरीची नानकटाई बाधायची, घरची साजूक तुपातली चालायची. पुढे वाचनात आलं की वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळणं सरकारनं सक्तीचं केलं होतं. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ झाली तर चाचणीत लाल रंग उमटून चोरी पकडली जावी म्हणून! अक्कांचं कारण तेच होतं का, हे आता कोण सांगणार.

बालरुग्ण_परिचारिका

नोकरीत पाहिलेलं लिहिते. खाजेची गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. आणि मग दवाखाना. बरं वाटलं तरी जायचंच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. परदेशातलं पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज कशी वापरायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, मात्राही लिहून घ्या.

त्वचेची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून घरी तीळ चाखवून बघू नका. तिळातली काही प्रथिनं तेलाशी बांधलेली असतात, चाचणीच्या पाण्यातल्या अर्कात ती येतातच असं नाही. आणि तीळ बाधतात म्हणून जवस, खसखस, कारळे आपोआप बंद करायची गरज नसते. प्रत्येक बी वेगळं तपासून घ्यावं.

नवी_आई_नागपूर

बाळाच्या मालिशीची बाटलीही वाचा. बऱ्याच आयुर्वेदिक तेलांत मूळ तेल तिळाचंच असतं. क्रीमवर ते 'सेसमम इंडिकम' नावाने येतं.

शांताराम_चिपळूण

मला काळे तीळ नुसते हातात धरले तरी तळवे लाल होतात. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींना घाबरतच सांगितलं. त्यांनी शांतपणे तिळाचं सगळं काम धाकट्याकडे दिलं. शास्त्रापेक्षा आत्याला समजावणं अवघड गेलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, मसाल्याचा प्रश्न पाठ करून ठेवलाय. यंदा हळदीकुंकवाला साबुदाण्यावरचा हलवा आणि खोबऱ्याची वडी ठेवायचं ठरवतेय.

मृण्मयी_ठाणे

हलवा विकतचा असेल तर विचारून घे गं. बरेच जण त्याच परातीत आधी तिळावरचा हलवा काढतात.