‘उत्तरदायित्व’, ‘दायित्व’ की ‘जबाबदारी’? मोठ्या कंपनीच्या अहवालातले शब्द (गप्पांचा धागा; तळटीप, जुना खर्डा, रकाना, उंबरठा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप:
एका मोठ्या कंपनीचा सामाजिक आणि पर्यावरणविषयक वार्षिक अहवाल मराठीत आणायचं काम अंगावर पडलंय, आणि पहिल्याच पानावर अडलेय. गेल्या वर्षीच्या मराठी प्रतीत ‘कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ (सीएसआर) यासाठी चार पानांत चार शब्द आहेत : सामाजिक उत्तरदायित्व, सामाजिक दायित्व, सामाजिक जबाबदारी आणि अध्यक्षांच्या मनोगतात सामाजिक बांधिलकी. यांत काही फरक आहे, की ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं ठेवून दिला? आमचे वरिष्ठ म्हणतात ‘दायित्व’ घ्या, सुटसुटीत आहे, मथळ्यात मावतो.

जुना खर्डा:
मावतो खरा, पण मावताना काय गळतं तेही बघा. उत्तर देणारा तो उत्तरदायी, त्याचा भाव म्हणजे उत्तरदायित्व. यातलं ‘उत्तर’ छाटलंत की मागे उरतं ते नुसतं देणारेपण. कार्यालयीन मराठीत तर दायित्व म्हणजे सरळ द्यायची राहिलेली रक्कम. ‘मागील वर्षाचे दायित्व’ असं वाचलं की कुणी कर्तव्याचा विचार करत नाही, थकलेल्या बिलांचा करतो.

गंमत अशी की ‘जबाबदारी’तही उत्तरच दडलंय. जबाब अरबीतून आला, त्याला फारसी ‘दार’ जोडला गेला. इंग्रजी शब्दाच्या बुडाशी असलेलं लॅटिन क्रियापदही उत्तर देण्याचंच. तीन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द, आणि तिन्हींनी धरून चाललंय की समोर कुणीतरी विचारणारा उभा आहे.

बांधिलकीत तसा कुणी नसतो. तिथे माणूस आपणहून स्वतःला बांधून घेतो, आणि गाठ किती घट्ट मारायची तेही तोच ठरवतो. अध्यक्षांना तो शब्द आवडणारच. मनोगतात राहू द्या, पण आकड्यांच्या पानावर नको.

रकाना:
मी अशाच एका कंपनीत या अहवालाचे आकडे गोळा करते, म्हणून बोलते. सगळा दोष शब्दाला देऊ नका, ‘उत्तर’ गळायला कायद्याचाही हात लागलाय. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. नियम असाही आहे की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम त्यात धरायचं नाही. म्हणजे एखाद्या शाळेला बाकं दिली तर ते सीएसआर, पण कारखान्याचं सांडपाणी नीट शुद्ध करून सोडलं तर नाही. तर्क समजतो (जे करायलाच हवं त्याचं श्रेय कशाला?), पण बोलीवर परिणाम व्हायचा तो झालाच. ‘सीएसआर मिळाला’, ‘यंदाचा सीएसआर संपला’ असं लोक सहज बोलतात. जबाबदारी मार्चअखेर संपते होय?

आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीवरचं २०१० सालचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आणि युरोपीय आयोगाची सीएसआरची २०११ ची व्याख्या या दोन्हींचा रोख पैशांवर नाही. आपल्या निर्णयांचे आणि कामांचे समाजावर, पर्यावरणावर जे परिणाम होतात, त्यांची जबाबदारी असा त्यांचा अर्थ आहे. नफा कसा वाटला यापेक्षा तो कसा मिळवला, हा त्यांचा प्रश्न.

आमच्याकडे देणग्यांचं काम दोघं जण बघतात. बाकीच्यांचा दिवस पुरवठादारांच्या तपासण्या, कंत्राटी कामगारांच्या तक्रारी, पाण्याचे आणि विजेचे मीटर यांत जातो. हरितगृह वायूंचा हिशेबच घ्या. ‘स्कोप’ तीन असतात. पहिल्यात आमच्या स्वतःच्या भट्ट्या नि गाड्या, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज वगैरे, तिसऱ्यात उरलेलं सगळं : कच्चा माल, वाहतूक, विकलेली वस्तू गिऱ्हाइकानं वापरताना होणारं उत्सर्जन. या तिसऱ्याचेच १५ प्रकार आहेत, आणि बऱ्याच धंद्यांत सगळ्यांत मोठा आकडा तिथेच असतो. तळटीपताई, ‘व्याप्ती’ लिहा हवं तर, पण ‘टप्पा’ लिहू नका. एकदा तसं छापलं गेलं होतं. वाचणाऱ्यांना वाटलं, आधी पहिला टप्पा उरकायचा, तिसरा पुढे कधीतरी.

तळटीप:
बरं झालं सांगितलंत, मी ‘टप्पा’च लिहिला होता! आणि ‘स्टेकहोल्डर’, म्हणजे कंपनीच्या कामाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो ते सगळे? जुन्या प्रतीत सगळीकडे ‘भागधारक’ आहे.

जुना खर्डा:
अरे देवा. भागधारक म्हणजे शेअर बाळगणारा. मग ‘सांडपाण्याबाबत नदीकाठच्या भागधारकांची तक्रार’ असली वाक्यं तयार होतात, आणि त्या बिचाऱ्यांकडे एकही शेअर नसतो. कंपनीची जबाबदारी भागधारकांपुरतीच, हा अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलेला पक्ष. एका चुकीच्या प्रतिशब्दानं तुमचा अख्खा अहवाल नकळत त्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

‘हितसंबंधी’ अर्थानं जवळ आहे, पण मराठीत हितसंबंध गुंतलेत म्हटलं की काहीतरी काळंबेरं वाटतं. ‘हितधारक’ हिंदीतून आलाय, रुळेलही. माझं विचाराल तर शक्य तिथे नावानिशी लिहा : कामगार, शेजारची गावं, पुरवठादार, ग्राहक. आणि ज्यांना झळ बसलीय त्यांच्यासाठी ‘बाधित’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. सगळ्यांना एका टोपलीत घातलं की गुंतवणूकदार आणि बाधित शेजारी एकाच ओळीत येतात.

उंबरठा:
‘ऑफसेट’ला (आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं वगैरे) ‘भरपाई’ लिहू नका एवढंच सांगायला आलो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात पडते ती भरपाई. इथे धूर एकीकडे आणि झाडं भलतीकडेच. हिशेबातली ‘वजावट’ म्हणा.

आणि ‘ग्रीनवॉशिंग’ला (पर्यावरणाची काळजी घेतल्याचा नुसता देखावा) कुणीतरी ‘हरितधुलाई’ करून ठेवलंय. वाचून लाँड्री डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे ‘मुलामा’ हा तयार शब्द असताना? आत पितळ, वर सोनं. ‘हिरवा मुलामा’ म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. (मूळ शब्दाला धुलाईचा संदर्भ आहे म्हणा. अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरव्हेल्ड यांनी तो १९८६ मध्ये वापरला तो हॉटेलांना टोमणा म्हणून. टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा, अशा पाट्या लावणारी हॉटेलं प्रत्यक्षात धुण्याचा खर्च वाचवत होती.)

रकाना:
‘मुलामा’ एकदम पसंत. ‘सस्टेनेबल’साठी वापरतात त्या ‘शाश्वत’बद्दलही कुणी बोला ना. आमच्याकडे खरेदीपासून पॅकिंगपर्यंत सगळंच शाश्वत झालंय.

जुना खर्डा:
शाश्वत म्हणजे कधीही न संपणारं, त्यामुळे तो शब्द पेलणं कुठल्याच कंपनीला कठीण. मूळ कल्पना बरीच साधी आहे. १७१३ मध्ये जर्मनीतले खाण अधिकारी कार्लोवित्स यांनी खाणींना लागणाऱ्या लाकडाची टंचाई बघून लिहिलं, त्याचं सार इतकंच की जंगल पुन्हा वाढेल त्या बेतानं तोडा. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलांड अहवालात हाच धागा पुढच्या पिढ्यांच्या गरजांपर्यंत नेलेला दिसतो. मराठीत याला ‘झेपेल इतकं’ म्हणतात. पण ‘झेपेल इतका विकास’ असा मथळा कुठलीही कंपनी छापणार नाही, तेव्हा ‘शाश्वत विकास’ राहू द्या, तो रुळलाय. फक्त ‘शाश्वत पॅकिंग’ दिसलं की विचारा : पुन्हा वापरता येतं, की कुजतं, की नुसतं पातळ केलंय? जे असेल ते लिहा.

तळटीप:
‘शाश्वत पॅकिंग’ म्हणजे काय ते विचारलं. पातळच केलंय. ‘कमी प्लास्टिकचे वेष्टन’ असं लिहिलं. ‘भागधारक’ सतरा ठिकाणी होते, त्यांतले तीनच खरे निघाले. मथळा ‘सामाजिक उत्तरदायित्व’, आतल्या मजकुरात ‘जबाबदारी’, आणि शाळेच्या बाकांच्या रकान्यावर ‘देणगी’. वरिष्ठांचा फोन येऊन गेला : मथळा दोन ओळींत जातोय.