एचपीव्ही लस मुलीला द्यावी का? पुढे २०-२५ वर्षांनी काही निघालं तर?

लेकीची_आई
नमस्कार. मुलगी ११ पूर्ण झालीये. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस घ्या सांगितलं, सर्वाव्हॅक नावाची, १४ पर्यंत दोन डोस, १५ नंतर तीन. एका डोसची छापील किंमत दोन हजार, पण प्रश्न पैशाचा नाहीये. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई ठाम विरोधात, म्हणतात नवीन लस आहे, उद्या लग्नानंतर मूल झालं नाही तर कोण निस्तरणार. २०२४ मध्ये कोविडच्या कोविशिल्ड लसीचं ते रक्तातल्या गुठळ्यांचं कोर्टातलं प्रकरण आलं तेव्हापासून घरात लस म्हटलं की वादच होतो. मी लसीच्या विरोधात नाही हो, पोलिओ गोवर सगळं वेळेवर दिलंय. पण त्या लसी आपल्या आयांनी पण दिल्या होत्या, ही कुणी दिलेली माहितीत नाही. कुणी दिलीये का?

जनआरोग्य_सातारा
ताई, सर्वाव्हॅक बाजारात २०२३ ला आली म्हणून नवीन वाटते, पण एचपीव्हीची लस २००६ पासून आहे आणि ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळेत देतात. त्या पहिल्या मुली आज तिशीत आहेत. लसीत विषाणूचं फक्त बाहेरचं प्रोटीनचं कवच असतं, आत डीएनए नाही, त्यामुळे ते शरीरात वाढत नाही की वर्षानुवर्षं दबा धरून बसत नाही.

कोविशिल्डचं म्हणाल तर त्या गुठळ्या खऱ्याच होत्या, अगदी क्वचित पण खऱ्या, आणि त्या डोसनंतर साधारण महिन्याभरात व्हायच्या. अमेरिकेत लहान बाळांची जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची एक लस आतड्याच्या त्रासामुळे १९९९ ला मागे घेतली, तिथेही त्रास डोसनंतर पहिल्या दोनेक आठवड्यातच दिसत होता. म्हणजे आपल्याला उशिरा कळतं ते बहुतेक वेळा त्रास उशिरा होतो म्हणून नाही, तो इतका क्वचित होतो की लाखो लोकांना दिल्याशिवाय नजरेतच येत नाही. एचपीव्हीचे जगात कोट्यवधी डोस देऊन झालेत.

अपवाद आहे, तोही सांगतो. फिलिपिन्समध्ये डेंग्यूची लस २०१६ ला शाळेतल्या मुलांना द्यायला लागले आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांना लसीनंतर डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. तोपर्यंत आठ लाखांवर मुलांना देऊन झाली होती. पण ते डेंग्यूच्या चार प्रकारांमुळे, दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू मुळातच जास्त धोक्याचा असतो. एचपीव्हीत तसं आढळलेलं नाही, उलट स्वीडनमध्ये सोळा लाखांवर मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या तर १७ च्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी निघाला.

बार्शीकर
लेकीची_आई ताई, कुणी दिलेली माहितीत नाही म्हणता, तर आमच्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने २००९ मध्येच आसपासच्या गावांतल्या १० ते १८ च्या मुलींना ही लस दिलीये. देशभरात बऱ्याच ठिकाणी एकच अभ्यास चालू होता, पुण्यात पण होता, लस गार्डासिल नावाची. २०१० ला सरकारने मध्येच थांबवला म्हणून काहींना तीन डोस मिळाले, काहींना दोन, काहींना एकच. पण त्या मुलींना सोडून नाही दिलं, लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी गर्भाशयमुखाचे नमुने तपासायला घेत राहिले. सासूबाईंना हेच सांगा की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पोरी आहेत, लस घेतली, लग्नं झाली, बाळंतपणं झाली. दहा वर्षांनी एकच डोस घेतलेल्यांतही विषाणूच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास दिसलं आणि जगभर एका डोसचा विचार झाला त्यात आपल्या या मुलींचा मोठा वाटा आहे. मला याचा फार अभिमान आहे, इथल्याच लोकांना माहीत नसतं. (तो एका डोसचा पुरावा गार्डासिलचा आहे, तुम्ही सर्वाव्हॅक घेणार असाल तर डॉक्टर म्हणतात तसे दोन घ्या.)

प्रश्न_विचारणारी
सगळं मान्य, पण २०१० ला का थांबवलं ते पण सांगा ना. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातच्या वडोदऱ्यात एका दुसऱ्या प्रकल्पात हजारो मुलींना लस दिली, त्यातल्या सात मुली वारल्या. चौकशीत मृत्यू लसीमुळे नाहीत निघालं, कुणी बुडून, कुणी साप चावून, ठीक. पण आश्रमशाळांत संमतीच्या कागदावर आईबापाऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या, आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात यावर कडक ताशेरे आहेत. आदिवासी मुली होत्या म्हणून चाललं, शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत असं केलं असतं का? लोक घाबरतात ते सुईला नाही, आपल्याला न विचारता काहीतरी केलं जाईल याला घाबरतात. माझ्या मुलीला मी दिली, पण आधी डॉक्टरांकडून कागद वाचून घेतला, त्रास झाला तर नोंद कुठे करायची ते विचारलं. कुणी "अहो घ्या हो, काही होत नाही" म्हणालं असतं तर नसती दिली.

जनआरोग्य_सातारा
ताईंचं बरोबर आहे. तेव्हा संमती नीट घेतली असती आणि चौकशीचं लोकांना वेळेवर सांगितलं असतं तर मधली कितीतरी वर्षं वाचली असती. जपानने २०१३ ला भीतीपोटी शिफारस मागे घेतली, लस घेणाऱ्या मुली सत्तर टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आल्या, परत सुरू करायला २०२२ उजाडलं. आणि आपल्याकडे या कॅन्सरने वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका जातात.

रेडिंगची_मराठी
इकडे इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी शाळेतच देतात, २०१९ पासून मुलग्यांना पण. घरी फॉर्म येतो, आपण हो-नाही कळवायचं. माझ्या लेकीचा दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही. तिच्या वर्गातली एक मुलगी चक्कर येऊन पडली पण पाच मिनिटात ठीक होती. या वयात सुई बघूनच चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. तुम्ही पण बसा, आणि मुलीला काहीतरी खायला घालून न्या.

लेकीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. बार्शीचं ऐकून सासूबाई जरा गप्प झाल्या, त्यांचं माहेर वैरागजवळचं. अजून एक, पाळी नुकतीच सुरू झालीये, त्या दिवसांत चालते का?

बार्शीकर
चालते. ताप असेल तर पुढे ढकला. आणि तुमचं स्वतःचं वय तिशीच्या पुढे असेल तर त्याच खेपेत तुमच्या तपासणीचं पण विचारून घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता, ज्यांची एकदाच एचपीव्ही टेस्ट केली त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. जाऊबाईंना पण घेऊन जा.